जपलेली कॉर्व्हेट घ्यायची असेल तर आधी गाडीखाली शिरा

घराचे हप्ते आवाक्यात आले, मुलं कॉलेजला गेली आणि गॅरेजमधली एक जागा रिकामी पडली, की अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत एक दबलेली हौस डोकं वर काढते. आपल्याकडे एक जुनी अमेरिकन स्पोर्ट्स कार हवी. मस्टँग आणि कॅमारो आहेतच, पण त्या मागे दोन सीट असलेल्या गाड्या. दोनच माणसांची, जमिनीलगत बसणारी आणि तरीही नोकरदार माणसाच्या खिशात बसेल अशी गाडी म्हणजे शेव्हरोलेची कॉर्व्हेट. हा लेख तिच्या तिसऱ्या पिढीबद्दल आहे, म्हणजे १९६८ ते १९८२ या मॉडेलवर्षांबद्दल. जाणकार तिला ‘सी-थ्री’ म्हणतात. तिच्या आधीची १९६३ ते १९६७ची सी-टू माझ्या मते जास्त देखणी, पण तिची किंमत अशी की पहिल्याच खरेदीत चूक झाली तर घरात वर्षभर त्याच विषयावर बोलणं होईल.

लेख अमेरिकेत राहणाऱ्या आणि इथेच गाडी चालवणाऱ्यांसाठी आहे. गाडी भारतात न्यायची असेल तर तो कस्टम्सचा आणि नोंदणीचा वेगळाच खटाटोप आहे, त्यात इथे शिरत नाही.

सांगायचं ते एकच: पैसे रंगाला देऊ नका, सांगाड्याला आणि कागदांना द्या. कॉर्व्हेटची बॉडी १९५३पासून फायबरग्लासची. ती गंजत नाही, आणि नवखा नेमका इथेच फसतो. वरचं प्लॅस्टिक पन्नास वर्षांनीही चकाकतं, खाली लोखंडाची फ्रेम मात्र कुरकुरीत झालेली असते. वरून कीर्तन, आतून तमाशा.

आधी वर्ष ठरवा, रंगाचं नंतर बघू

सी-थ्रीच्या काळात आकार साधारण तोच राहिला तरी गाडी बरीच बदलली. १९६८ची गाडी घाईत बाजारात आली आणि तिच्या जुळणीबद्दल तेव्हाच ओरड झाली होती. पहिल्या खरेदीला ते वर्ष टाळलेलं बरं. १९६९पासून मूळ इंजिन ३५० घनइंचांचं झालं. १९७२पर्यंत पुढे-मागे क्रोमचे बंपर होते, त्यामुळे या वर्षांना मागणी सर्वांत जास्त आणि भावही तसाच. १९७३ला पुढचा बंपर युरेथेन या लवचिक प्लॅस्टिकचा झाला, १९७४ला मागचाही. १९७४चा मागचा बंपर दोन तुकड्यांचा असून मधोमध उभी फट दिसते, तेवढ्यावरून ते वर्ष लांबूनही ओळखता येतं. १९७५ला एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, मोठं ‘बिग ब्लॉक’ इंजिन यादीतून गेलं, आणि त्या मॉडेलवर्षानंतर उघड्या छपराची कन्व्हर्टिबलही बंद झाली. ती परत आली थेट १९८६ला. १९७८पासून मागे मोठी वळणदार काच आहे. १९८१मध्ये कारखाना सेंट लुईसहून केंटकीतल्या बोलिंग ग्रीनला गेला. १९८२ची गाडी फक्त ऑटोमॅटिकच मिळत होती, तेव्हा हाताने गिअर टाकण्याची हौस असेल तर ते वर्ष आपोआप बाद.

हॉर्सपॉवरच्या आकड्यांनी गोंधळून जाऊ नका. १९७१पर्यंत कंपन्या इंजिन सुटं ठेवून मोजलेली ‘ग्रॉस’ शक्ती छापायच्या, १९७२पासून एक्झॉस्ट आणि बाकी सामान जोडून मोजलेली ‘नेट’ शक्ती छापू लागल्या. एलटी-वन नावाचं इंजिन १९७०ला ३७०, १९७१ला ३३० आणि १९७२ला २५५ हॉर्सपॉवरचं दाखवलं जातं. पहिली घसरण बरीचशी खरी आहे, कारण कमी शिशाच्या पेट्रोलसाठी जनरल मोटर्सने कॉम्प्रेशन उतरवलं. दुसरी मुख्यतः मोजमापाची. १९७५चं साधं इंजिन मात्र खरोखरच १६५वर आलं होतं. तरीही अशी गाडी शनिवारी सकाळी गावाबाहेरच्या रस्त्यावर कंटाळवाणी वाटत नाही, हे आवर्जून सांगतो.

माझी शिफारस? खिसा बरा असेल तर १९७३ किंवा १९७४. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, पण क्रोम बंपरचा भावही नाही. खिसा बेताचा असेल तर १९७६ ते १९७९. त्या काळात गाड्या भरपूर बनल्या: १९७६ला ४६,५५८, १९७७ला ४९,२१३ आणि १९७९ला तर ५३,८०७. त्यामुळे आजही निवडीला वाव आहे. एक नाकारली तर दुसरी मिळते, आणि नवख्याला नाकारता येणं फार महत्त्वाचं.

कॅलिफोर्नियातल्या मंडळींसाठी एक सूचना. तिथे १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलवर्षांना स्मॉग, म्हणजे धुराच्या, तपासणीतून सूट आहे, १९७६पासूनच्या गाड्यांना नाही. आधीच्या मालकाने हौसेने इनटेक, कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट बदललेली १९७७ची गाडी ओहायोत आरामात फिरेल, सॅन होजेत मात्र नोंदणीच अडेल. बे एरियात राहत असाल तर ‘१९७५ किंवा आधीची’ ही अट सरळ भिंतीवर लिहून ठेवा.

कुठे शोधायची

हेमिंग्जच्या जाहिराती, ब्रिंग अ ट्रेलरचे ऑनलाइन लिलाव, मेकम आणि बॅरेट-जॅक्सनचे मोठे लिलाव ही नावं तुम्हाला पहिल्या आठवड्यातच कळतील. मांडवातल्या लिलावात पहिली गाडी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे गाडी लिफ्टवर चढवता येत नाही, चालवता येत नाही, दिवे आणि गोंगाट भरपूर, आणि हातोडा पडल्यावर वर साधारण दहा टक्के खरेदीदाराचं शुल्क.

चांगली जपलेली गाडी बहुतेक वेळा जाहिरातीत येण्याआधीच ओळखीत हात बदलते. म्हणून आधी माणसं शोधा. नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी, म्हणजे एनसीआरएस, १९७४पासून चालू आहे आणि तिच्या शाखा देशभर आहेत. सभासद व्हा, स्थानिक बैठकीला जा, आणि त्यांची वर्षवार परीक्षण पुस्तिका विकत घ्या. कोणत्या वर्षी कोणता बोल्ट कोणत्या फिनिशचा होता इथपर्यंत त्यात लिहिलेलं असतं. पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलला ऑगस्टमध्ये कॉर्व्हेटचा मोठा मेळा भरतो. तिथे काही न घेता दिवसभर नुसत्या गाड्या पाहिल्या तरी नजर तयार होते. डेट्रॉइटच्या आसपास मराठी माणसं वाहन उद्योगात भरपूर आहेत, मंडळाच्या गणेशोत्सवात विचारलंत तर “मी येतो बघायला” म्हणणारे चारजण भेटतील. त्यांना जरूर न्या, गप्पा छान होतात. पण आजच्या गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिणारा इंजिनिअर आणि सी-थ्रीची फ्रेम ओळखणारा मेकॅनिक यांत फरक आहे.

गाडी कुठल्या हवेत राहिली हे रंगापेक्षा महत्त्वाचं. मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्क या पट्ट्यात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते फ्रेमच्या आत जाऊन बसतं. अ‍ॅरिझोनाची गाडी खालून कोरडी खडखडीत असते, पण उन्हाने डॅशबोर्ड तडकलेला आणि रबराच्या पट्ट्या वाळलेल्या. डॅशबोर्ड बदलता येतो. मी डोळे मिटून अ‍ॅरिझोनाची घेईन. उत्तरेकडे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, गाडी सहा महिने झाकून ठेवायची वेळ आली की, विकणारे जरा नरमतात.

फोनवर विचारायच्या गोष्टी

विमानाचं तिकीट काढण्याआधी फोन करा. गाडी किती वर्षं तुमच्याकडे आहे? टायटल तुमच्याच नावावर आहे का? फ्रेमला वेल्डिंग झालंय का? इंजिन मूळचं आहे का, आणि ते कशावरून म्हणता? विंडशील्डभोवतीची पट्टी काढून आतलं लोखंड कधी पाहिलंय का? शेवटच्या प्रश्नावर जो माणूस “हो, फोटो पाठवतो” म्हणतो त्याच्याशी पुढे बोलायला हरकत नाही. “कॉर्व्हेट कुठे गंजते, ती तर फायबरग्लासची!” असं उत्तर आलं तर नम्रपणे आभार माना.

आणि एक विनंती करून ठेवा: मी येण्याआधी गाडी चालू करू नका. थंड इंजिन कसं सुरू होतं, पहिला धूर कोणत्या रंगाचा येतो, हे गरम करून ठेवलेल्या गाडीत कळत नाही.

गाडीखाली

जुने कपडे, टॉर्च, छोटा हातोडा, बोथट स्क्रूड्रायव्हर आणि दांडीवरचा छोटा आरसा एवढं बरोबर ठेवा. शक्यतो जवळच्या गॅरेजात तासभर लिफ्ट भाड्याने घ्या. ते जमलं नाही तर जॅक स्टँड हवेतच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.

पहिली जागा मागच्या चाकांच्या लगेच पुढची. तिथे फ्रेमचा रूळ सपाट येतो आणि अ‍ॅक्सलवरून जाण्यासाठी वर वळतो. त्या वळणात माती, पानं आणि मीठ साठतं आणि गंज आतून बाहेर येतो, म्हणून वरून काळा रंग फासलेला असला तरी फसू नका. हातोड्याने हलकेच ठोका. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं, सडलेलं भद्द. भद्द वाजलं तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून पाहा. खपल्या पडल्या किंवा टोक आत गेलं तर फ्रेमचं काम निघालं, आणि फ्रेमचं काम म्हणजे बरेचदा बॉडी उचलून वेगळी करणं. याच वळणाजवळ मागचं चाक धरणारा ट्रेलिंग आर्म फ्रेममध्ये शिरतो. तो कप्पाही तसाच ठोकून पाहा. खालची बाजू ताज्या, जाड, डांबरी लेपाने झाकलेली असेल तर मालकाला कारण विचारा. प्रामाणिक जुनी गाडी खालून धुळकट आणि फिकट तांबूस दिसते. वरवरचा तांबूस थर चालतो, पापुद्रे चालत नाहीत.

दुसरी जागा वर आहे. फायबरग्लासच्या आत विंडशील्ड, दरवाजांचे खांब आणि मागचा कणा यांचा लोखंडी पिंजरा असतो, त्याला ‘बर्डकेज’ म्हणतात. विंडशील्डच्या कोपऱ्यांतून पाणी झिरपतं आणि खांबांतून उतरत खाली बॉडीच्या बोल्टांपाशी साचतं. ते पाहायचं तर काचेभोवतीची स्टीलची पट्टी आणि पायाजवळचं बाजूचं पॅनेल काढावं लागतं. मालक काढू देत नसेल तर निदान गालिच्याखाली हात घालून ओल चाचपा, आणि दरवाजा अर्धा उघडून वर-खाली हलवा. दरवाजा लोंबत असेल तर बिजागरीची पिन झिजलेली असू शकते, ते स्वस्त काम. खांबच हलत असेल तर पिंजरा गेला. फ्रेम सडली तर दुसरी मिळते. पिंजरा सडलेली गाडी नवख्याने कितीही स्वस्तात घेऊ नये.

१९७६पासून जमिनीचा काही भागही स्टीलचा झाला. त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत पायाखालचा गालिचा उचलणं हे आणखी एक काम. बॅटरी सीटच्या मागच्या कप्प्यात असते. तिथे सांडलेल्या आम्लाच्या खुणा बघा.

मागचं चाक जमिनीवरून उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर बेअरिंग. इतर गाड्यांत हे तासाभराचं काम असतं, इथे ट्रेलिंग आर्म काढून खास अवजारांनी करावं लागतं. चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का तेही पाहा. १९६५पासून कॉर्व्हेटला चारही चाकांना डिस्क ब्रेक आले. प्रत्येक कॅलिपरमध्ये चार पिस्टन, आणि ओतीव लोखंडाचे सिलिंडर उभ्या-उभ्या गंजून गळतात. आतून स्टेनलेस स्टीलच्या नळ्या बसवलेले कॅलिपर लागले असतील आणि त्याची पावती असेल, तर आधीचा मालक जाणता होता असं समजा.

बॉडी आणि रंग

रंगाची जाडी मोजायचं नेहमीचं चुंबकी यंत्र फायबरग्लासवर चालत नाही. म्हणून आत बघायचं. कारखान्यातली पॅनेल साच्यात दाबून बनवलेली, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, आणि ती आतून पट्ट्या चिकटवून जोडलेली असत. पुढच्या चाकांच्या कमानीत आणि हेडलाइटच्या मागे टॉर्च टाका. पट्ट्या अखंड आणि सरळ दिसल्या तर उत्तम. पॅनेलची आतली बाजू खडबडीत, काचतंतूंची जाळी दिसेल अशी असेल तर तिथे हाताने बनवलेला तुकडा बसलाय, म्हणजे कधीतरी ठोकर झालीय. ठोकर लागणं हा गुन्हा नाही, ती लपवून ‘कधी टक्कर नाही’ म्हणणं हा आहे.

सेंट लुईसच्या गाड्यांचा मूळ रंग लॅकरचा. तो आजच्या रंगासारखा ओला-ओला चमकत नाही, कुठेकुठे बारीक तडकतो, कोपऱ्यांवर पातळ होतो. अशी जराशी थकलेली, पण मूळ रंगातली गाडी दिसली तर तिच्याकडे जास्त लक्ष द्या. ब्लूमिंग्टन गोल्ड या कॉर्व्हेट मेळ्याच्या ‘सर्व्हायव्हर’ प्रमाणपत्रात आणि अमेरिकेतल्या जुन्या मोटार क्लबच्या जतन वर्गात अशाच गाड्यांचा मान होतो. नव्या रंगाला पैसे मोजावेत, पण तो मूळचा आहे अशा भावाने नव्हे. युरेथेनचे बंपर किंचित लाटा आल्यासारखे दिसतात. ते चालतं, तो त्या मालाचा स्वभावच आहे.

आकडे वाचणं

‘नंबर्स मॅचिंग’, म्हणजे इंजिनावरचे आकडे गाडीच्या नंबराशी जुळतात, हे शब्द जाहिरातीत फुकट असतात, खरेदीच्या वेळी त्यांचे हजारो डॉलर पडतात. म्हणून स्वतः वाचायला शिका.

सुरुवात व्हिन नंबरापासून, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकापासून. सी-थ्रीत तो विंडशील्डच्या डाव्या खांबावर असतो, बाहेरून काचेतून दिसतो. १९८०पर्यंत तो तेरा अंकी-अक्षरी आहे, १९८१पासून सतरा. १९७२चा नमुना घ्या: १-झेड-३७-के-२-एस-५ आणि पुढे अनुक्रम. १ म्हणजे शेव्हरोले, झेड म्हणजे कॉर्व्हेट, ३७ म्हणजे कूपे (६७ असतं तर कन्व्हर्टिबल), के म्हणजे साधं ३५० इंजिन, २ म्हणजे १९७२, एस म्हणजे सेंट लुईस. केच्या जागी एल असेल तर एलटी-वन, डब्ल्यू असेल तर ४५४ घनइंचांचं बिग ब्लॉक. म्हणजे १९७२पासून निदान मूळ इंजिन कोणतं होतं हे नंबरच सांगतो, ‘एलटी-वन’ची चिकटपट्टी लावून कोणी फसवू शकत नाही. १९७१पर्यंत ही सोय नाही, आणि नकली बिग ब्लॉक गाड्या त्याच वर्षांत जास्त भेटतात.

आता बॉनेट उघडा. पॅसेंजरच्या बाजूचं सिलिंडर हेड पुढे जिथे संपतं, तिथे इंजिन ब्लॉकचा एक छोटा सपाट पट्टा बाहेर आलेला असतो. त्यावर तेल, मळ आणि रंग साचलेला. मऊ फडक्याला ब्रेक क्लीनर लावून हळू पुसा. पॉलिशपेपर किंवा तारेचा ब्रश लावाल तर पुरावाच खरवडाल. दोन गट दिसतात. एकात कारखान्याचं अक्षर (व्ही म्हणजे फ्लिंट, टी म्हणजे टोनावांडा), जुळणीचा महिना आणि दिवस, आणि इंजिनाचा कोड, जो १९७०पासून तीन अक्षरांचा आहे. दुसऱ्यात गाडीच्या व्हिनचा शेवटचा भाग. वरच्या नमुन्यातल्या गाडीवर तो १२एस५ असा सुरू होऊन त्याच अनुक्रमाने संपायला हवा. तो जुळला की अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं जास्त मजेशीर. टॉर्च आडवा धरून पट्ट्याकडे तिरकं बघा. कारखान्यात हा भाग एकाच दिशेने तासला जाई, त्यामुळे पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा दिसतात. रेघा आहेत आणि अक्षरं त्यांच्यावर उमटलेली आहेत तर छान. पट्टा आरशासारखा गुळगुळीत किंवा गोल गोल घासलेला, आणि अक्षरं मात्र कोरी ताजी, तर कोणीतरी घासून पुन्हा ठोकली आहेत. अगदीच कोरा पट्टा असेल तर लगेच चोर म्हणू नका. इंजिन उघडून ब्लॉक सपाट करताना आकडे प्रामाणिकपणेही जातात. पण मग भाव ‘मॅचिंग’चा लावायचा नाही.

ब्लॉकच्या मागच्या टोकाला ड्रायव्हरच्या बाजूला ओतकामाचा उठावदार आकडा असतो. तिथे ३९७००१० दिसलं म्हणून हुरळू नका. तो ब्लॉक कॅमारोत होता आणि पिकअप ट्रकमध्येही होता. ओतकामाची तारीख मात्र उपयोगी पडते. क्रम असा हवा: आधी ब्लॉक ओतला, मग इंजिन जुळवलं, मग गाडी बनली. एप्रिलमध्ये बनलेल्या गाडीत जूनमध्ये ओतलेला ब्लॉक असूच शकत नाही.

सगळ्यांत गोड कागद गाडीच्या पोटात असतो. १९६७पासून कारखान्यात पेट्रोलच्या टाकीवर त्या गाडीचं मागणीपत्रक चिकटवत. रंग, गिअर, अ‍ॅक्सल, रेडिओ सगळं त्यावर. टाकी खाली घेतल्याशिवाय ते दिसत नाही. कधी उंदरांनी खाल्लेलं असतं, कधी गंजाचे डाग पडून निम्मंच उरतं. अगदी कोरं करकरीत निघालं तर मला उलट शंका येते, कारण नवे छापूनही मिळतात.

मस्टँग किंवा पाँटिअ‍ॅककडे वळलात तर हे सगळं सोपं जातं. १९६७पासूनच्या फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट आणि पाँटिअ‍ॅकसाठी पीएचएस या संस्थेची कागदपत्रं पैसे भरून मागवता येतात. कॉर्व्हेटवाल्याला गाडीवरच्या खुणाच वाचाव्या लागतात.

कमी मायलेजचा मोह

१९७८ला कॉर्व्हेट इंडियानापोलिस ५०० शर्यतीची पेस कार, म्हणजे शर्यत सुरू होताना सगळ्यांच्या पुढे धावणारी गाडी, झाली आणि तिच्या काळ्या-चंदेरी प्रतिकृती निघाल्या: ६,५०२. ही पुढे सोन्याच्या भावाने विकली जाईल म्हणून लोकांनी घेऊन जशीच्या तशी गॅरेजात कोंडली. झालं असं की जपलेल्या गाड्यांचाच सुकाळ झाला, आणि आजही अगदी कमी चाललेली पेस कार सापडणं कठीण नाही. ती घ्यायची तर दोन गोष्टी. व्हिनमधला एस नंतरचा अंक ९ हवा. ४ असेल तर साध्या १९७८ला काळा-चंदेरी रंग दिलाय. आणि चाळीस-पन्नास वर्षं न चाललेली गाडी म्हणजे नवी गाडी नव्हे. सील वाळतात, टाकीत पेट्रोलचा चिक्का होतो, ब्रेकचे पाइप आतून सुजतात. दरवर्षी थोडी चाललेली आणि पावत्यांची फाइल असलेली गाडी मला त्यापेक्षा कितीतरी बरी वाटते.

मायलेजचा आकडा पाच अंकी असतो, ९९,९९९नंतर पुन्हा शून्य. कारफॅक्ससारखे अहवाल १९८१च्या आधीच्या तेरा अंकी व्हिनसाठी चालत नाहीत. तेव्हा मायलेजचा पुरावा म्हणजे जुन्या सर्व्हिस पावत्या आणि तपासणीचे कागद, आणि पेडलच्या रबराची झीज.

चालवून बघताना

थंड इंजिन सुरू केल्यावर निळा धूर क्षणभर आला तर व्हॉल्व्हची सीलं, येतच राहिला तर पिस्टनच्या रिंगा. हेडलाइट लावा. ते व्हॅक्युमवर उघडतात, दोन्ही एकदम वर यायला हवेत. एक मागे राहिला तर कुठेतरी नळी गळतेय, महाग नाही पण डोकं खाणारं काम. गाडी वीस मिनिटं उभी चालू ठेवून तापमानाचा काटा बघा, विशेषतः बिग ब्लॉक असेल तर. सरळ रस्त्यावर ब्रेक लावल्यावर ओढ कुणीकडे जाते, अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर मागून ठक् आवाज येतो का, हेही बघा. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष. खाचा कितीही खोल असोत, दहा वर्षांवरचा टायर बदलायचाच, त्यामुळे ती रक्कम भावातून वजा करा.

या सगळ्यानंतरही कॉर्व्हेट जाणणाऱ्या त्रयस्थाकडून तपासणी करून घ्या. विकणाऱ्याने सुचवलेल्या माणसाकडून नको.

कागद आणि पैसे

टायटलवरचा व्हिन गाडीवरच्या व्हिनशी एकेक अक्षर ताडून पाहा. टायटल विकणाऱ्याच्या नावावर नसेल, “मित्राची आहे, त्याने सही करून ठेवलीय” असं ऐकू आलं, तर तिथून निघा. जुनं कर्ज नोंदलेलं असेल तर ते फिटल्याचं पत्र हवं. न्यूयॉर्कमध्ये १९७२ आणि त्याआधीच्या गाड्यांना टायटलच नसतं, हस्तांतरित होणारी नोंदणीच चालते. तुम्ही दुसऱ्या राज्यात असाल तर तुमचं कार्यालय ते कसं स्वीकारतं हे आधी विचारून ठेवा. पैसे विकणाऱ्याच्या बँकेत, काउंटरसमोर द्या, आणि टायटलवर सही तिथेच घ्या.

विमा नेहमीच्या गाडीसारखा काढू नका. हॅगर्टीसारख्या कंपन्या ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’ची पॉलिसी देतात, म्हणजे रक्कम आधीच ठरते आणि घसारा लागत नाही. बदल्यात गाडी बंद गॅरेजात ठेवायची आणि रोजच्या वापराला घरात दुसरी गाडी हवी, अशा अटी असतात. विमा गाडी ट्रकवर चढण्याआधी सुरू झालेला असावा.

किंमत ठरवताना हॅगर्टीची एक ते चार अशी प्रत बघा, एक म्हणजे सर्वोत्तम. विकणारा गाडी नेहमी दोनची सांगतो. ती बहुतेकदा तीनची असते. बजेटमधले निदान पंधरा टक्के बाजूला काढून उरलेल्यात गाडी बघा.

घरी आल्यावर

आधी ब्रेकचे आणि पेट्रोलचे रबरी पाइप बदला. आजच्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याला टिकत नाही. इंजिनात जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं तेल घाला, जुन्या कॅमशाफ्टला त्याची गरज आहे. सगळी द्रवं बदला, इंजिनाचे पट्टे (बेल्ट) बदला, आणि मग पहिल्या वर्षी हात आवरा. चाकं, स्टिअरिंग, रेडिओ नवं बसवायची खुमखुमी येईल. बसवलंतच तर काढलेला प्रत्येक भाग, बोल्टसकट, खोक्यात घालून वर्ष आणि जागा लिहून ठेवा. १९७४चा मूळ रेडिओ आवाजाला भिकारच असतो, पण पुढच्या खरेदीदाराचा हातोडा आणि टॉर्च तुमच्या गाडीखाली फिरून झाल्यावर तो आधी त्या खोक्याबद्दल विचारेल.